तीन नंबरचा फेडर

माझ्या मामाला सगळे ‘उलटे’ म्हणतात. आडनाव नव्हे ते. एकदा तर कुरिअरवाला पाकिटावर छापलेलं खरं नाव सोडून "उलटे साहेब इथंच राहतात ना?" असं विचारत दारात उभा राहिला, कारण खालच्या दुकानदारानं त्याला तसंच सांगितलं होतं. मामानं निमूट सही करून पाकीट घेतलं. त्याला या नावाचा कधी राग आला नाही. मला मात्र ते हल्ली ऐकवत नाही. जे घडलं त्याला तीन आठवडे झाले, तरी अजून मधेच माझं हातातलं काम थांबतं आणि मी वेड्यासारखी भिंतीकडे बघत बसते.

मामा रेडिओ केंद्रात होता. काचेच्या अलीकडे बसायचं, पलीकडच्या खोलीतल्या निवेदकाचा माइक वेळेवर उघडायचा, वेळेवर बंद करायचा आणि मधल्या वेळात गाणी वाजवायची, हे त्यानं तीस वर्षं केलं. त्याच्या समोर जे कन्सोल होतं त्याला तो आजही टेबल म्हणतो. हे टेबल जगाच्या विरुद्ध चालायचं. कुठल्याही मिक्सरवर फेडर म्हणजे ती सरकती दांडी पुढे ढकलली की आवाज वाढतो, आपल्याकडे ओढली की कमी होतो. लहान पोरालाही ते कळतं. मामाच्या टेबलावर मात्र फेडर आपल्याकडे ओढला की माइक उघडा आणि पुढे ढकलला की बंद.

"हे बनवणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता का रे?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मामा हसला.

"अगं कार्टे, टेबलावर कागद पडतात, फायली पडतात, पेंगणाऱ्या माणसाचं कोपर पडतं. धक्का लागला की दांडी पुढे जाते. मग धक्क्यानं तोंड बंद व्हायला हवं की उघडायला? रेडिओवर चुकून उघडं राहिलेलं तोंड फार महागात पडतं."

हे तो हसत म्हणाला खरा, पण शेवटचं वाक्य बोलताना त्यानं मान वळवली. का वळवली ते आमच्या घराण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक आहे असं निदान आम्ही समजत होतो.

तीस वर्षं एका हाताला एकच वळण लागलं आणि मामा सगळीकडेच उलटा झाला. घरी टेपचा आवाज वाढवायला सांगावं तर हा तो बंद करायचा. पंख्याचा रेग्युलेटर नेमका नको त्या बाजूला फिरवायचा. माझ्या लहानपणी त्याच्या घरी सुट्टीला गेलं की आम्ही मुलं मुद्दाम "मामा, टीव्ही मोठा कर ना" म्हणायचो आणि टीव्ही मुका झाला की लोळून हसायचो. मामी दारात उभी असायची. ती हसायची नाही. "जेवायला चला," म्हणायची आणि आत जायची.

मामी कमी बोलते हेही आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. हो, नाही, जेवायला चला, पाणी तापलंय, बस येईल आता. माझी आई म्हणायची, "हिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं." आणि हीच मामी एके काळी रेडिओवर निवेदिका होती! तिचा आवाज ऐकायला लोक दुपारी हातातली कामं सोडून रेडिओजवळ येत, असं जुनी माणसं सांगतात. लग्न दोघांचं त्या काचेतूनच जमलं. अलीकडे मामा, पलीकडे मामी, आणि मामानं बोट खाली केलं की मामीनं बोलायचं.

आता त्या दिवसाची गोष्ट, आमच्या घरात जशी सांगितली जाते तशी सांगते.

केंद्रप्रमुख कविता करायचे. त्यांच्या वाढदिवसाला त्यांची एक लांबलचक कविता मामीला प्रक्षेपणात वाचावी लागली. तिनं ती भक्तिभावानं वाचली, "श्रोतेहो, आता ऐका बासरीवादन" म्हणाली, मामानं रेकॉर्ड सोडली. आणि त्या मंद बासरीच्या मागून साऱ्या शहरानं ऐकलं, "बाई गं! याच्यापेक्षा किराण्याची यादी वाचलेली बरी. तिच्यात निदान यमक तरी नसतं."

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. मामानं सरळ सांगून टाकलं की चूक माझी. आदल्या संध्याकाळी तो कुठल्याशा हॉलमध्ये गाण्याच्या कार्यक्रमाला दुसऱ्याचा मिक्सर चालवून आला होता. तो मिक्सर सुलटा. त्यामुळे हाताचा घोळ झाला आणि फेडर बंद करताना ढकलायच्या ऐवजी ओढला, असं त्यानं लिहून दिलं. मामीनं मात्र सांगितलं की माइकजवळचा लाल दिवा बंद झाला होता, तो बघूनच मी बोलले. आता हा दिवा फेडरलाच जोडलेला. फेडर उघडा की दिवा लागणार, फेडर बंद की दिवा जाणार. दोघांचंही खरं असणं शक्यच नाही. आई म्हणायची, "घाबरली बिचारी, काहीतरी सांगून गेली. पण माझा भाऊ बघ! सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही." मामा कायम नोकरीत होता, त्याला ताकीद मिळाली. मामी करारावर होती, तिचा करार पुन्हा झाला नाही. कवितेचा सूड घेतला मेल्यानं, असं सगळे म्हणाले. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली आणि किराण्याच्या यादीवर आम्ही अजून हसत होतो.

मी स्वतः संगीताचं रेकॉर्डिंग करते. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे, मधे काच. गेल्या वर्षी केंद्रानं गोदाम रिकामं केलं तेव्हा मामाचं ते टेबल भंगारात निघालं आणि मी ते उचललं. उचललं म्हणजे सहा माणसांनी उचललं आणि दाराची चौकट काढावी लागली. लोकांनी मला मूर्खात काढलं. पण जुन्या रेडिओवरून येणारा तो भरदार, जवळचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना माझा वेडेपणा कळेल. त्या टेबलातून व्हायोलिन गेलं की तारेवर फिरणाऱ्या गजाची राळसुद्धा ऐकू येते. संगणकात ती गंमत नाही, माझ्याशी कुणी भांडायला आलं तरी मी हेच सांगेन.

मात्र पहिल्याच दिवशी मी आपटले. सुंदर चाललेलं गाणं, शेवटच्या आलापाला आवाज थोडा वाढवावा म्हणून मी सवयीनं फेडर पुढे ढकलला आणि गायिका काचेपलीकडे नुसतं तोंड उघडून उभी असल्यासारखी दिसायला लागली. टेक वाया गेला. मग मी मामाला बोलावलं.

तो आला, टेबलासमोर उभा राहिला. मग खिशातून रुमाल काढून त्यानं एकेक फेडर पुसला. तीन नंबरचा सोडून.

"हा का सोडलास?" मी म्हटलं.

"तो अपशकुनी. त्या दिवसानंतर मी निवेदकांचा माइक चारवर घेतला. तीनला पुन्हा कधी हात लावला नाही."

"बावीस वर्षं?"

"बावीस. शिवाय केंद्रात नियमच झाला, दिवा बंद असो की चालू, आत बसलेल्यानं चकार शब्द काढायचा नाही. पाटी लावली होती भिंतीवर."

मामा आठवड्यातून तीनदा यायला लागला. दुपारी एकच्या सुमाराला मामी त्याचा डबा घेऊन यायची. ती बाहेरच्या बाकावर बसायची. "मामी, आत ये ना," मी म्हणायचे. "इथं बरं आहे," ती म्हणायची. एकतीस वर्षांत तिनं कुठल्याही स्टुडिओत पाऊल टाकलं नव्हतं.

त्या दिवशी एका व्हायोलिनवाल्याचं रेकॉर्डिंग होतं. माणूस गुणी, पण चिकित्सक. सकाळी नऊला सुरू केलं ते एक वाजत आला तरी त्याचं समाधान होईना. त्याला चार माइक हवे होते. एक आणि दोन नंबरचे माइक त्याच्या साथीदारासाठी बांधलेले होते, पाच आणि सहा खरखरत होते. म्हणजे चारच्या जोडीला तीन नंबर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मामा कां कूं करत होता, मी म्हटलं, "मामा, लोखंडाच्या पेटीला कसला आलाय शकुन?" शेवटी त्यानं तीन नंबरचा फेडर धरला आणि आपल्याकडे ओढला. माइक उत्तम चालला.

टेबल एव्हाना चांगलंच तापलं होतं. आमची रेकॉर्डिंग एरवी तासा-दीड तासात आटपतात, चार तास सलग ते माझ्याकडे कधीच चाललं नव्हतं. व्हायोलिनवाला म्हणाला, आता दहा मिनिटं मोकळं करा, आणि साथीदाराला घेऊन गॅलरीत पाय मोकळे करायला गेला. मामानं सगळे फेडर पुढे ढकलून बंद केले. टेबलाबरोबरच आणून काचेपलीकडे लावलेला तो लाल दिवा गेला. मामा खुर्चीत मागे रेलला, मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

तेवढ्यात काचेतून मला मामी दिसली. ती आतल्या खोलीत होती! व्हायोलिनवाल्यानं पाण्याचे ग्लास तसेच जमिनीवर सोडले होते आणि दार उघडं टाकलं होतं. सांडतील म्हणून ते उचलायला ती गेली असावी. दोन ग्लास तिच्या हातात होते. ती माइकसमोर थांबली. तिनं मान वर करून दिव्याकडे पाहिलं. दिवा बंद होता. मग तिनं ग्लास खुर्चीवर ठेवले, पदर सावरला आणि तिचे ओठ हलले.

आणि आमच्या स्पीकरमधून आवाज आला.

"नमस्कार श्रोतेहो. दुपारचे एक वाजून आठ मिनिटं झाली आहेत."

माझ्या घशात पाणी अडकलं. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बारीक येत होता, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, पण काय आवाज होता! जेवायला चला म्हणणाऱ्या बाईचा तो आवाजच नव्हता. मला वाटलं मामानं तिला ऐकायला माइक उघडला. मी वळून पाहिलं तर मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचा हात तीन नंबरच्या फेडरवर होता आणि फेडर पुढे, अगदी टोकाला होता. बंद होता. त्यानं तो आणखी दाबला. टोकाच्या पुढे जायला जागाच नव्हती.

स्पीकरमधून मामी थोडं थांबली. मग घरच्या आवाजात, त्या लाल दिव्याकडे बघत ती म्हणाली, "आहेस ना बंद? त्या दिवशीसुद्धा असाच बंद होतास, मेल्या."

तिनं ग्लास उचलले आणि ती बाहेर गेली.

काय झालं ते मला कळलं होतं, आणि कळलं आहे यावर विश्वास बसत नव्हता. फेडर बंद, दिवा बंद, आणि तरी माइक चालू. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. "पुन्हा," मामा म्हणाला, "पुन्हा कुणाला तरी बोलायला लाव आत."

गॅलरीतून व्हायोलिनवाला परत येत होता. मी त्याला म्हटलं, आत उभे राहा आणि एक ते दहा मोजत राहा. तो बिचारा मोजायला लागला. मी पेचकस घेऊन टेबलाची पट्टी उघडली. आतून भपकन गरम हवा आली. तीन नंबरच्या फेडरच्या टोकाशी एक तार होती. फेडर बंद केला की माइकचा आवाज तिच्यातून जमिनीत, म्हणजे अर्थिंगमध्ये जिरायचा. तिच्या सोल्डरच्या टाक्याला केसासारखी चीर पडली होती. मी लाकडी पेन्सिलीनं ती तार दाबली, आकडे थांबले. पेन्सिल उचलली, आकडे पुन्हा आले, सहा, सात, आठ. दाबली, थांबले. उचलली, आले. टेबल थंड असताना टाका चिकटून बसत असणार. तापलं की चीर उघडत असणार. दिव्याचं बटण वेगळं, ते आपलं काम चोख करत होतं.

"चौकशीवाल्यांनी सकाळी तपासलं होतं," मामा म्हणाला. "आठ वाजता. टेबल गार होतं. तिघांनी तपासलं, मीही तपासलं. काही दोष नाही म्हणून सही केली."

मग तो एकदम खुर्चीतून उठला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "म्हणजे माझा हात चुकला नव्हता! कार्टे, मी फेडर बंद केला होता! एकतीस वर्षं मी या हाताला शिव्या घालतोय गं, आणि मी बरोबर होतो!"

मलाही रडू फुटलं. मी त्याला मिठी मारली. म्हटलं, मामा, आपण सगळ्यांना सांगू, आईला सांगू, आत्ताच फोन लावू. आम्ही दोघांनी तिथं त्या उघड्या टेबलापाशी नाचायचंच बाकी होतं.

दारात मामी डबा घेऊन उभी होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

मामानं तिचा हात धरून तिला आत ओढलं. "हे बघ, हे बघ! तीन नंबर बंद असतानाही गळतो. तू आत्ता आत बोललीस ते सगळं आम्हाला ऐकू आलं. ते श्रोतेहो वगैरे."

मामी कानापर्यंत लाल झाली. चोरी पकडल्यासारखी तिनं मान खाली घातली. पण मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. "अगं, माझी चूक नव्हती! मी बंद केला होता फेडर! ऐकलंस का, मी बंद केला होता!"

मामीनं फेडरकडे पाहिलं, मग काचेतून त्या दिव्याकडे पाहिलं. डबा टेबलाच्या कडेला ठेवला.

"म्हणजे दिवा बंद होता," ती म्हणाली.

"हो, तेच तर सांगतोय."

"ते मी सांगत होते."

मामाचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं. मी इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली होती, किती जणांना रंगवून सांगितली होती, आणि ही एवढीशी बाब माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. मामानं दोष स्वतःवर घेतला म्हणजे त्यानं फेडर उघडा होता असं लिहून दिलं. फेडर उघडा होता म्हणजे दिवा चालू होता. दिवा चालू होता म्हणजे मामी खोटारडी ठरली. आणि तिला खोटारडी ठरवणारा तो कागद तिच्या नवऱ्याच्या सहीचा होता. मला माझीच लाज वाटली. दोन मिनिटांपूर्वी मी त्याला मिठी मारून अभिनंदन करत होते.

"पण तुला काढलं ते कवितेसाठी ना?" मी विचारलं. काहीतरी सावरावं म्हणून विचारलं.

"छे," मामी म्हणाली. "त्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि पोट धरून हसले. म्हणाले, बाई, यमक मलाही जमत नाही हे मला माहीत आहे. मला काढलं ते चौकशीत खोटं बोलले म्हणून. कागदावर तसंच लिहिलं होतं."

मी मामाकडे पाहिलं. "तू पाहिला होतास तो कागद?"

मामानं मान हलवली. पाहिला होता. "लोकांना कळू नये म्हणून मी कवितेचं कारण सांगत आलो," तो पुटपुटला. "हिची अब्रू राहावी म्हणून."

या माणसानं एकतीस वर्षं आपल्या बायकोची अब्रू राखली होती, तिनं न केलेल्या पापापासून! आणि आम्ही सगळे त्याला देवमाणूस म्हणत होतो. काचेपलीकडे व्हायोलिनवाला अजून मोजत होता. त्याला थांबायला सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"मला वाटलं तू घाबरून तसं म्हणालीस," मामा म्हणाला.

"मी तुम्हाला घरी येऊन सांगितलं होतं. चौकशी झाली त्या संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तुम्ही पाठीवर हात फिरवून म्हणालात, असू दे, मी रागावलेलो नाही. अहो, मी माफी मागतच नव्हते. दिवा बंद होता असं सांगत होते."

"टेबल तपासलं होतं ना गं आम्ही. टेबल कसं खोटं बोलेल असं वाटलं."

"आणि बायको बोलेल असं वाटलं."

मामानं दोन्ही हात टेबलावर टेकवले. एवढा उंच माणूस, पण मला तो अचानक माझ्याहून बुटका दिसायला लागला.

"मग तू एवढी वर्षं गप्प का राहिलीस?" त्यानं विचारलं. आवाजात राग होता, पण तो कुणावर ते त्यालाही ठाऊक नसावं.

मामीनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. "तुमच्या लक्षात आलं होतं का, मी गप्प आहे ते?"

"सगळ्यांनाच दिसत होतं. मला वाटलं, माइक सुटला म्हणून तुझं मन लागत नाही."

"माइकचं काय घेऊन बसलात? आपलं खरं जिथं खरं मानत नाहीत तिथं बोलायचं तरी कशाला? स्वयंपाक झाला हे खोटं वाटायची भीती नाही, म्हणून तेवढं बोलत राहिले."

हे ती शांतपणे म्हणाली. मला मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दगडातून पाणी म्हणे! आमच्या घरातल्या एकानंही, एकानंही, कधी तिला विचारलं नव्हतं की बाई, तू बोलत का नाहीस. मीसुद्धा नाही. मी तर व्यवसायानं माणसांचे आवाज ऐकणारी.

मामा म्हणाला, "माझं चुकलं." तो पुन्हा म्हणाला, "मला माफ कर."

"माफीचं राहू द्या हो. त्यात तुम्ही पटाईत आहात. मी खरं बोलत होते एवढं म्हणा."

सोपं वाक्य होतं. मामानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून शब्द निघाले, "तू खरं बोलत होतीस." आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत रडायला लागला.

मी आयुष्यात मामाला रडताना पाहिलं नव्हतं. मामी त्याच्याजवळ गेली नाही. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग पदरानं स्वतःचे डोळे पुसले, डबा उचलला आणि म्हणाली, "चला. घरी जाऊन जेवू."

ते गेल्यावर मी व्हायोलिनवाल्याला थांबवलं. त्याला म्हटलं, आज पुरे. तो माझ्याकडे बघून काही न विचारता वाद्य पेटीत ठेवायला लागला. मी गॅलरीत गेले, कारण मला आत बसवत नव्हतं.

खाली रस्त्यापलीकडे बसथांब्यावर दोघं उभी होती. मामी बोलत होती. हातवारे करून बोलत होती, बोट दाखवून बोलत होती, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत बोलत होती. मला वरून एक शब्द ऐकू येत नव्हता. मामा तिच्यासमोर शाळेतल्या मुलासारखा हात बांधून उभा होता आणि मधे मधे मान हलवत होता. बस आली. दार उघडलं. मामीचं बोलणं संपलं नव्हतं, त्यामुळे कुणीच चढलं नाही आणि बस निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरी थांब्यापाशी हळू झाली तेव्हा मामानं मामीवरची नजर न काढता हात वर करून पुढे जा अशी खूण केली. ड्रायव्हरनं बस थांबवलीच नाही. मामी बोलत राहिली.